ओ यायला लागलेला वेळ

१

लातुरात कुणाचं वाय-फाय स्लो झालं तर त्याचं कारण यंत्रात नसतं, माणसात असतं, असं मोहियोद्दीनचं ठाम मत होतं, आणि अठरा वर्षांच्या धंद्यात ते मत बदलावं असं एकही गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. एका प्राध्यापकाने राउटर लोखंडी कपाटात ठेवून वर कुलूप घातलं होतं. एका बाईंनी धूळ बसू नये म्हणून त्याला क्रोशाचं झबलं विणलं होतं, आणि ते किती सुंदर झालंय हे मोहियोद्दीनने दोनदा सांगेपर्यंत त्याला चहा मिळाला नव्हता. शेवटी सगळे त्यालाच विचारत की कंपनीच खराब आहे का. तो मान हलवी, मनातल्या मनात अक्कल काढी, राउटर उचलून टेबलावर ठेवी आणि निघे.

त्यातून हे गाव. खांबाखांबावर पोरांचे पासपोर्ट फोटो टांगलेले, खाली मार्क छापलेले. अर्ध्या मराठवाड्यातली पोरं आणून दहा बाय दहाच्या खोल्यांत कोंडायची आणि ती डॉक्टर होऊन बाहेर पडण्याची वाट बघायची, हा इथला मुख्य उद्योग. मोहियोद्दीनचं पोट त्याच खोल्यांवर चाले, आणि म्हणूनच त्याला त्यांचा जास्त राग येई.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी अकराला त्याला दीपमालाचा फोन आला. ही पोरगी चाकूरकडची. गेल्या वर्षी मार्क कमी पडले म्हणून पुन्हा तयारीला बसलेली, केवळाबाई नावाच्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहणारी. दुपारी दोनला तिच्या क्लासची मोठी ऑनलाइन परीक्षा होती. पहिल्या साठांत नंबर आला तर पहिली बॅच, नाहीतर पुढच्या आठवड्यात गाशा गुंडाळून चाकूरला परत, असं तिच्या वडिलांनी, रामलिंगरावांनी, बजावलं होतं. आणि लॅपटॉपवर एक पान उघडायला चार चार मिनिटं लागत होती.

घर सापडलं. साधं दोन मजली सिमेंटचं घर, बेल नव्हती. त्याने फाटकातून दोन हाका मारल्या. ओ आली नाही. तिसऱ्या हाकेला दार उघडलं आणि साठीच्या पुढची एक बाई सावकाश चालत थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हाक मारत जाऊ नका," ती हळू म्हणाली. "आत यायचं, बोलायचं."

ती दाराच्या आतच बसली होती, हे मागची खुर्ची बघून त्याला कळलं. म्हणजे तिन्ही हाका तिला ऐकू आल्या होत्या. त्याने तिला मनातल्या यादीत झबलंवालीच्या शेजारी बसवून टाकलं.

२

राउटर खाली पुढच्या खोलीत खिडकीत होता, चांगला उघड्यावर. मोहियोद्दीनची थोडी निराशाच झाली. त्याने आपला लॅपटॉप काढला, वायर लावली, स्पीड मोजला. वायरवर पूर्ण स्पीड. वायर काढून वाय-फायवर मोजला तर गोगलगाय. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत होती आणि घरातलंच कुणीतरी सगळं ओढत होतं. शेजारच्यांना पासवर्ड दिला असणार. हे त्याला माहीतच होतं.

दीपमालाला बोलावणं पाठवा म्हटल्यावर केवळाबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत एकोणीस पायऱ्या चढून वर गेल्या आणि मुलीला घेऊन तशाच उतरल्या. जिन्याच्या तळाशी उभं राहून एक हाक मारली असती तर काम झालं असतं. त्याने तसं हसत बोलून दाखवलं. दीपमाला म्हणाली की मावशी कुणालाच हाक मारत नाहीत, भात झालाय हे सांगायलासुद्धा वर येतात, भूकंपापासून त्यांचं तसं आहे.

भूकंप. मोहियोद्दीनने मान डोलावली. त्र्याण्णव साली तो नांदेडला मामाकडे होता. पहाटे खाट हलली, तो कूस बदलून झोपला, आणि तेव्हापासून भूकंपाच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येकाला तो हीच गोष्ट ऐकवत असे.

त्याने राउटरला जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. एक दीपमालाचा लॅपटॉप, एक तिचा मोबाइल, एक त्याचा स्वतःचा लॅपटॉप. आणि चौथं एक यंत्र. त्याला नाव नव्हतं, कंपनी नव्हती. नावाच्या जागी नुसती रेघ होती.

केवळाबाईंकडे बटणांचा फोन. घरात टीव्हीसुद्धा नव्हता. मग शेजारीच. त्याने पासवर्ड बदलला, दीपमालाकडून तिच्या लॅपटॉपवर टाकून घेतला, यादी ताजी केली. चौथं यंत्र होतंच. त्याने ते ब्लॉक केलं. ते गेलं आणि तो पाण्याचा घोट घेईपर्यंत परत आलं. त्याने बॅगेतला स्वतःचा राउटर काढून लावला. अजून त्याला पासवर्ड दिलाही नव्हता, आणि यादीत एकच ओळ उमटली होती. नुसती रेघ.

"राउटरच फितूर झाला," तो हसत म्हणाला. दीपमाला हसली नाही. साडेबारा वाजले होते.

३

शेजारी कुठला ते शोधायला सोपा मार्ग होता. यादीत प्रत्येक यंत्राच्या पुढे सिग्नलचे पट्टे दिसतात. राउटर त्या यंत्राच्या जितका जवळ, तितके पट्टे जास्त. घरचा राउटर परत जोडून, लांब वायर लावून मोहियोद्दीन तो हातात घेऊन घरभर फिरला. रस्त्याच्या बाजूला एक पट्टा. डावीकडच्या भिंतीपाशी एक, उजवीकडेही एकच. स्वयंपाकघराच्या दारात दोन झाले. आत गेल्यावर तीन.

स्वयंपाकघराच्या मागे दुसरं घर नव्हतं, मोकळा प्लॉट होता. त्याने राउटर ओट्यावर ठेवला, तीन. फळीवर ठेवला, दोन. मग का कोण जाणे, त्याने तो खाली कोपऱ्यात फरशीवर ठेवला. पाचही पट्टे भरले.

तो उकिडवा बसून बघत राहिला. शहाबादी फरशी होती, नीट बसवलेली. घराला तळघर नव्हतं. फरशीखाली मुरूम, मुरुमाखाली काळी माती. डिसेंबरात ही फरशी पायाला चटका बसेल इतकी गार असायला हवी होती, आणि बाकी सगळी तशी होतीही. त्या कोपऱ्यात तळहात ठेवला तर ती कोमट लागत होती.

फ्रिजची गरम हवा येत असणार, असं त्याने ठरवलं. फ्रिज दुसऱ्या भिंतीला होता.

मग त्याने शेवटचा उपाय केला. त्या यंत्राला पिंग लावला. पिंग म्हणजे काही मोठी विद्या नाही. एका यंत्राने दुसऱ्याला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं. घरातल्या यंत्राकडून ओ सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या हिशोबात दोन-पाचमध्ये येते. चार हजार झाले तर यंत्र आशा सोडतं.

पहिली हाक गेली. स्क्रीनवर ओळ उमटायला इतका वेळ लागला की त्याने नाद सोडून दिला होता. तीन हजार नऊशे ऐंशी. कुणीतरी फार लांबून, फार खोलातून ओ दिली होती.

दुसरी हाक गेली. तीन हजार नऊशे एकोणऐंशी.

४

वरून दीपमाला धावत खाली आली. नेट चालू झालं होतं, पानं झटक्यात उघडत होती.

मोहियोद्दीनने पिंग थांबवला. तिने वर जाऊन पाहिलं, नेट पुन्हा मेलं होतं. त्याने सुरू केला, नेट जिवंत. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच. हाक मारत राहिलं की ते चौथं यंत्र गप्प बसत होतं. हाक थांबली की सगळी लाइन तेच ओढून घेत होतं. एखादं रडकं पोर आईचा आवाज चालू आहे तोवर शांत राहतं तसं, हे त्याच्या डोक्यात आलं आणि स्वतःच्याच डोक्याचा त्याला राग आला. कुठलं तरी जुनं बिघडलेलं यंत्र असेल, हाकेने जागं राहत असेल, झोपलं की भरकटत असेल. कारण सापडलं की त्याला बरं वाटे, मग ते खरं असो वा नसो.

मोबाइलचं नेट वापरता येणार नव्हतं. क्लासने परीक्षेसाठी घरचं नेट आणि तिचा लॅपटॉप दोन्ही आधी नोंदवून घेतलं होतं, बदललं की पेपर रद्द. लॅपटॉपला वायर लावायची जागाच नव्हती. कॅमेरा आणि माइक सबंध वेळ चालू, खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज आला तरी पेपर बंद. एवढ्या अटी घालणाऱ्या क्लासला त्याने जोरात एक शिवी घातली आणि मुलीला सांगितलं की तू निवांत पेपर दे, मी खाली बसून हे चालू ठेवतो.

दोनला पाच मिनिटं कमी असताना केवळाबाई त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. स्क्रीनवर ओळीमागून ओळ उतरत होती. तीन हजार पाचशे. तीन हजार चारशे नव्याण्णव.

"हे काय करायलास?"

त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हे यंत्र त्या यंत्राला हाक मारतंय, ते ओ देतंय.

बाईंचा चेहरा त्याने पाहिला नाही, त्याचं लक्ष आकड्यांकडे होतं. मग त्यांनी विचारलं की ओ कुठून येतेय. त्याने हाताने स्वयंपाकघर दाखवलं आणि गंमत म्हणून बोट खाली केलं.

"आणि उकरणार कोण?" केवळाबाई म्हणाल्या.

"काय उकरायचं, मावशी?"

"हाक मारली तर काढावं लागतंय, बाबा. न्हाई काढायचं तर हाक मारू न्हाई. खालचं माणूस वाट बघतंय."

मोहियोद्दीनला हसू आवरेना. त्याने सांगितलं की मावशी, हे वाय-फाय हाय, वाय-फायला उकरत नसतात.

५

पेपर सुरू झाला. वर सगळं शांत होतं. खाली स्क्रीनवर आकडे उतरत होते.

तीन वाजता दोन हजार चारशे होते. ओ जवळ येत होती, यात शंका नव्हती. दर हाकेला थोडीशी. मोहियोद्दीनने कागदावर वेळ आणि आकडा लिहायला सुरुवात केली, आणि या वेगाने शून्य कधी होईल याचा हिशोब मांडला. पाच वाजून वीस मिनिटांच्या आसपास येत होतं. पेपरही पाच वीसलाच संपणार होता. त्याने कागद उलटा करून ठेवला.

त्याला उठावंसं वाटत होतं, आणि उठावंसं वाटतं म्हणूनच तो उठला नाही. अठरा वर्षं लोकांच्या घरांत लोकांना हसलेला माणूस एका फरशीला भिऊन पळाला, असं कुणी म्हणायला नको होतं. बघणारं कुणी नव्हतं, पण तो स्वतः होता.

केवळाबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. दारातून त्यांची पाठ दिसे. त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होत्या, मधूनच फरशीवरून हात फिरवत होत्या. एकदा त्यांनी खाली वाकून कान लावला. मग तशाच, त्याच्याकडे न बघता, बोलायला लागल्या. आवाज इतका सपाट होता की त्याला वाटलं त्या काहीतरी पाठ म्हणताहेत.

निलंग्याकडच्या त्यांच्या गावी घर पडलं तेव्हा त्या अंगणात झोपल्या होत्या, पोरगी आत होती. पाच वर्षांची. पहिल्या दिवशी हाक मारली तर ओ आली. दुसऱ्या दिवशीही आली. माणसं उकरत होती, मग दुसरीकडे जास्त माणसं अडकलीत म्हणून तिकडे गेली. त्या एकट्याच दगड उचलत राहिल्या आणि पोरगी रडू नये म्हणून हाका मारत राहिल्या. हाक मारली की ती गप्प व्हायची.

मोहियोद्दीनने मान वर केली नाही. ऐकायचं नव्हतं त्याला. चार वाजून दहा मिनिटं. एक हजार दोनशे.

६

पावणेपाचला केवळाबाई परसात गेल्या आणि पहार घेऊन आल्या. ती त्यांनी त्याच्या खुर्चीला टेकवून ठेवली.

त्याने पहारीकडे पाहिलं, मग बाईंकडे. तो म्हणाला की पेपर चालू आहे, आवाज होईल, मुलीचं वर्ष जाईल. हे अगदी खरं होतं. खरं बोलायला मिळालं याचा त्याला आधार वाटला. बाईंनी मान डोलावली, पहार उचलली आणि आत गेल्या.

पहिला घाव हलका होता. दुसरा नव्हता. शहाबादी फरशी फुटल्याचा आवाज घरभर गेला.

मोहियोद्दीन धावत आत गेला. बाई गुडघ्यांवर बसून पहार फटीत घालत होत्या. त्याने त्यांच्या हातातून पहार ओढली. त्या सोडेनात. त्याने जोर लावला आणि ती काढून घेतली. एका म्हातारीच्या हातातून लोखंड हिसकावताना आपण कसे दिसत असू, हा विचार त्याला तेव्हाच आला, नंतर नाही. फरशीचा एक टवका उडाला होता. खाली काळी माती नव्हती. पांढरी माती होती, चाळल्यासारखी बारीक. जुन्या घरांच्या मातीच्या छतावर, माळवदावर, टाकत ती. या भागात सिमेंटच्या घराखाली ती घालायचं कुणालाच काही कारण नव्हतं.

"थोडंच राहिलंय," बाई म्हणाल्या. "ऐक जरा."

तो ऐकायला थांबला नाही. पहार घेऊन बाहेर आला. वर पेपर अजून चालू होता. पाच वाजून पाच. दोनशे पंचावन्न. पाच दहा, एकशे सत्तर. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले. आता पिंग थांबवला तर मुलीचा पेपर तुटेल, हे त्याने स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याला भीती वाटत होती, साधी, लहानपणची भीती, आणि ती मुलीच्या पेपरमागे लपवायला मिळत होती.

नऊ. सहा. चार. पाच वाजून एकोणीस मिनिटांनी एक. मग आकड्याच्या जागी 'एकाहून कमी' आलं.

लॅपटॉपच्या चौकटीवर मागच्या बाजूने काहीतरी लागलं, कुणी टेबलाला हात लावावा इतकं. वरून दीपमालाची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ती ओरडली की झालं, पेपर सबमिट झाला.

मोहियोद्दीनने लॅपटॉप धाडकन मिटला. तो पुरता मिटायच्या आधी मध्ये काहीतरी मऊ आलं. त्याने दाबला.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हात पांढरे झाले होते.

"बंद केलास?"

"काम झालं, मावशी."

"मीबी तिसऱ्या दिवशी हाक बंद केल्ती," केवळाबाई म्हणाल्या. "ओ येत हुती तरी. थकले हुते."

७

घरी पोचला तेव्हा मगरीबच्या नमाजाला अजून वेळ होता. वाटेत दीपमालाचा मेसेज आला होता की पेपर छान गेला, काका, तुमच्यामुळे. त्याने मोटारसायकल लावली, हातपाय धुतले. हसून विसरण्यासारखी गोष्ट आहे असं त्याने ठरवलं होतं, आणि बायकोला, गौसियाला, कशी रंगवून सांगायची तेही जुळवून ठेवलं होतं.

बुशराने, त्याच्या बारा वर्षांच्या मुलीने, जवळ येऊन तक्रार केली की अब्बू, नेट चालत नाही.

त्याने बॅगेतून लॅपटॉप काढून उघडला. की-बोर्डवर पांढरी माती पडली होती, दोन बोटांच्या चिमटीत मावेल इतकी. स्क्रीनच्या वरच्या काठावर, आतल्या बाजूने, चार ठसे होते. बारीक, लहान मुलाच्या बोटांचे, झाकण मिटू नये म्हणून धरल्यासारखे. शेवटी बोटं ओढून काढल्यासारखे ते लांबले होते.

त्याने बाहीने ते पुसले. यादी उघडली. गौसियाचा मोबाइल, टीव्ही, त्याचा लॅपटॉप. खाली एक रेघ, पुढे पाच पट्टे.

स्वयंपाकघरातून गौसियाने हाक मारली, "बुशरा."

बुशरा त्याच्या खांद्यापाशी उभी होती. तोंडात चॉकलेट होतं, तोंड मिटलेलं होतं. आतल्या खोलीतून आवाज आला.

"ओ."

त्यांच्या घरात हाकेला 'जी' म्हणत. ओ कुणी देत नसे. बुशराने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिचा हात धरला आणि इतका घट्ट धरला की ती कळवळली.

तो तिला घेऊनच स्वयंपाकघरात गेला, गौसियाच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला की या घरात आता कुणी कुणाला हाक मारायची नाही. काही सांगायचं असेल तर जवळ जायचं, मग बोलायचं. पहार, माती, पाच पट्टे, यातलं काय आधी सांगावं तेच कळेना.

गौसियाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अठरा वर्षं तो गिऱ्हाइकांकडे ज्या नजरेने बघत आला होता, तीच ही नजर होती. तिचं लक्ष त्याच्यावरच होतं, त्याच्यामागे उभी असलेली बुशरा तिला दिसलीच नव्हती. मान वळवून, आतल्या खोलीकडे तोंड करून, तिने मुलीला पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्याने.

ओ यायला अजिबात वेळ लागला नाही.